विमानतळाची हिरवी पाटी: ‘एअरपोर्ट कार्बन ॲक्रेडिटेशन’ या सेवेची खान्देशातून पारख

मुंबई, दिल्ली, बेंगळुरू अशा मोठ्या विमानतळांवर पट्ट्यावर सामान यायची वाट पाहताना समोर एखादी हिरवी पाटी हमखास दिसते. ‘नेट झिरो’, ‘शंभर टक्के हरित ऊर्जा’, ‘लेव्हल फोर प्लस’ असं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं असतं. यातल्या लेव्हलच्या पाट्या एका विकतच्या सेवेतून येतात. तिचं नाव एअरपोर्ट कार्बन ॲक्रेडिटेशन. विमानतळांची जागतिक संघटना एसीआय ही ती चालवते. सुरुवात २००९ मध्ये युरोपात झाली, २०११ मध्ये योजना आशिया-पॅसिफिकला आली. विमानतळ शुल्क भरतो, उत्सर्जनाचा हिशेब मांडतो, त्रयस्थ पडताळणीकार तो तपासतो आणि पायरी ठरते.

जळगाव-धुळ्याकडे वीज-लेखापरीक्षण, सोलर, चिलर (मोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रं), ठिबक यांत मुरलेली माणसं भरपूर आहेत आणि असल्या हिशेबाची कामं त्यांच्याकडे आज ना उद्या येणारच. ज्यांना फक्त मुलाकडे अमेरिकेला जायचंय त्यांनाही ही पाटी वाचता आलेली बरी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. हिशेबाची शिस्त लावायला ही सेवा उत्तम आहे, पण विमानतळाचं नियोजन टिकाऊ आहे का, हे फक्त तिच्यावरून ठरवू नये. त्यासाठी छतावरचे पॅनल मोजण्यापेक्षा विमान उभं राहतं तिथली केबल वापरात आहे का, ते पाहावं.

पायऱ्या कशा आहेत

एकूण सात पायऱ्या आहेत: १, २, ३, ३+, ४, ४+ आणि ५. पहिलीत नुसती मोजणी. विमानतळ चालकाचं स्वतःचं जळण (जनरेटरचं डिझेल, गाड्या, बॉयलर) हा स्कोप १ आणि विकत घेतलेली वीज हा स्कोप २. दुसरीत मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा उत्सर्जन खाली आणून दाखवायचं. तिसरीत इतरांचा हिशेबही घ्यावा लागतो: विमानांचं उतरणं-उडणं, एपीयू (विमानाच्या शेपटातलं छोटं इंजिन), भाडेकरू दुकानांची वीज, प्रवाशांचं आणि कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं. हा स्कोप ३. ‘३+’ म्हणजे उरलेल्या स्वतःच्या उत्सर्जनापोटी कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कमी केलेल्या उत्सर्जनाचं प्रमाणपत्र, विकत घेणं. चौथीपासून एकूण उत्सर्जनात खरी घट आणि पूर्ण उड्डाणाचाही हिशेब; ‘४+’ म्हणजे त्यावर पुन्हा क्रेडिट. पाचवी पायरी डिसेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यासाठी स्कोप १ आणि २ मध्ये किमान ९० टक्के घट लागते, उरलेला कार्बन हवेतून काढून घेणाऱ्या प्रकल्पांतूनच भागवावा लागतो आणि २०५० पर्यंत स्कोप ३ शून्यावर नेण्याचा शब्द द्यावा लागतो. बेंगळुरू आणि दिल्ली या पायरीवर पोचली आहेत.

इथंच एक गोम आहे. संपूर्ण हवाई वाहतुकीच्या उत्सर्जनात विमानतळ चालकाच्या थेट हातातला वाटा दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास असतो. पाचव्या पायरीवर नव्वद टक्के घट होते ती या छोट्या वाट्यातली. पाटीवर मात्र ‘नेट झिरो विमानतळ’ असं छापलं जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं, विमानंही त्यात धरलीत.

आकड्यांतच बघू. मुंबई विमानतळावर स्वतःच्या जागेत ४.६६ मेगावॅटचे सौर पॅनल आहेत. महाराष्ट्राच्या उन्हात एक मेगावॅट वर्षाला साधारण १४ लाख युनिट देतो, म्हणजे एकूण ६५ लाख युनिट. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाची बचत साडेचार हजार टन. दुसरीकडे, मुंबईहून लंडनला जाणारं मोठं विमान जातीनुसार ५० ते ७० टन इंधन जाळतं आणि एक किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एका खेपेचे १६० ते २२० टन झाले. त्या पॅनलांची वर्षभराची कमाई लंडनच्या वीस ते तीस एकतर्फी उड्डाणांत संपते. पॅनल लावू नयेत असं यातून निघत नाही, पण कशाला किती टाळ्या द्यायच्या याचा अंदाज येतो.

शंभर टक्के हरित, पण किती वाजता?

मुंबई विमानतळाने २०२२ मध्ये संपूर्ण वीज हरित स्रोतांतून घ्यायला सुरुवात केली. त्यातली सुमारे ५ टक्के जागेवरच्या सौरऊर्जेची आणि बाकीची ९५ टक्के जलविद्युत व पवनऊर्जेची, बाहेरून आणलेली. दिल्लीनेही त्याच वर्षी जून महिन्यात जलविद्युत आणि सौर यांच्यावर पूर्ण गाडा हलवला. हे करार खरे आहेत, पैसे मोजून केलेले आहेत. पण त्यांचा ताळा बहुतेक वेळा महिन्याचा किंवा वर्षाचा असतो, तासाचा नसतो.

खान्देशातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या आषाढ-श्रावणात गरगर फिरतात आणि हिवाळ्यात बऱ्याचदा नुसत्या उभ्या दिसतात. त्याच तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तो सूर्य मावळला की थांबतो. आणि भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या रात्रंदिवस चालू असतात. तिन्हीकडची वीज शेवटी एकाच ग्रिडमध्ये जाते. आपल्याकडून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्री ते पहाटे सुटतात, म्हणजे टर्मिनल भरलेलं, चिलर चालू, पट्टे चालू, आणि सूर्य नाही. डिसेंबरच्या त्या तासाला ग्रिडमध्ये जी वीज असते तिच्यात कोळसा मोठा.

म्हणून हिशेब वाचताना स्कोप २ चे दोन्ही आकडे मागावेत. कराराप्रमाणे काढलेला आकडा शून्य येऊ शकतो. ग्रिडच्या सरासरीने काढलेला आकडा म्हणजे एकूण युनिट गुणिले ०.७. दुसरा आकडा वर्षागणिक खाली येत असेल तर विमानतळ खरंच वीज वाचवतोय. फक्त पहिला शून्य झाला आणि दुसरा चढतच गेला, तर बदललाय तो फक्त वीज विकणारा.

कोचीने हा प्रश्न थोडा वेगळ्या पद्धतीने हाताळला. १८ ऑगस्ट २०१५ रोजी तिथं १२ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला: ४५ एकर जागा आणि ४६ हजारांवर पॅनल. दिवसा जास्तीची वीज केरळच्या वीज मंडळाला द्यायची आणि रात्री परत घ्यायची. पुढे त्यांनी ४.५ मेगावॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्पही उभारला. रात्रीच्या वेळी उपयोगी पडेल असं काहीतरी स्वतःच्या पदरी असावं हा विचार आम्हाला जास्त पटतो. पॅनल धुतलेल्या पाण्यावर त्यांच्याखालीच भाजीपाला घेतात, हेही शेतकऱ्याच्या नजरेला भावणारं.

केबल आणि हवेचा पाइप

आता ज्या जागेवर सगळ्यात जास्त नजर हवी तिथं येऊ. विमान गेटला लागलं की त्याला दोन गोष्टी लागतात, वीज आणि गार हवा. शेपटातलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, दोन्ही देतं. पण ए-३२० जातीचं विमान त्यासाठी तासाला शंभर ते सव्वाशे किलो इंधन जाळतं, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, वर आवाज आणि धूर. पर्याय असा: गेटवरून ४०० हर्ट्झ, ११५ व्होल्टची वीज (छोट्या विमानाला ९० केव्हीएची एक केबल, मोठ्याला दोन किंवा जास्त) आणि जाड पिवळ्या पाइपातून गार हवा. दोन्ही मिळून तासाला शंभर-सव्वाशे युनिट धरा. ही वीज समजा पूर्णपणे ग्रिडची असली तरी उत्सर्जन ७० ते ९० किलो. म्हणजे हरित करार नसतानाही तीन-चतुर्थांश बचत.

सोय बसवलेली असते, वापर होत नाही. कारणं ठरलेली आहेत. केबल जड असते आणि ओढणारा एकच माणूस असतो. प्लगच्या पिना सैल होऊन जळतात, पुरवठा मध्येच तुटतो, दोनदा असं झालं की वैमानिक एपीयू बंद करायचं नाव घेत नाही. हवेचा पाइप तापलेल्या काँक्रीटवर वेटोळे घालून पडलेला असतो, प्रत्येक वळणावर दाब पडतो आणि हवा तापते. यंत्राच्या तोंडाशी थंड असलेली हवा केबिनमध्ये शिरताना कोमट झालेली असते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत केबिन २७ च्या खाली येईना की एपीयू चालू होतंच. यावरचा इलाजही साधा आहे: पाइप गरजेइतकाच लांब ठेवायचा, सरळ टाकायचा, त्याचं अस्तर दर हंगामात तपासायचं आणि तापमान यंत्रापाशी न मोजता विमानाच्या जोडापाशी मोजायचं. आणि विमान लागायच्या आधी पाच मिनिटं यंत्र चालू ठेवायचं.

आणखी एक कारण पैशाचं. या सोयीचं शुल्क तासाप्रमाणे वेगळं लावलं की स्वस्तातली विमान कंपनी पस्तीस मिनिटांच्या थांब्यात ती घेतच नाही. पार्किंगच्या शुल्कातच ते धरलं तर जोडणी आपोआप वाढते.

प्रमाणपत्राचा कमकुवतपणा इथं दिसतो. विमानाला दिलेली वीज वेगळ्या मीटरवर मोजली नाही तर ती विमानतळाच्याच स्कोप २ मध्ये चढते. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या विमानतळाने हे चांगलं काम केलं तर कागदावर त्याचं उत्सर्जन वाढलेलं दिसतं, आणि वाचलेलं इंधन दिसायला तिसरी पायरी गाठावी लागते. म्हणून कुठल्याही विमानतळाच्या अहवालात आम्ही एकच गुणोत्तर आधी शोधतो: गेटवर विमानं उभी होती ते एकूण तास आणि त्यांतले केबल-पाइप जोडलेले तास. हा आकडा छापलेला नसेल तर पाटी कुठल्याही पायरीची असो, आमचे गुण कापले जातात.

जमिनीवर चालण्याचंही तसंच. ए-३२० दोन्ही इंजिनांवर टॅक्सी करताना मिनिटाला दहा-बारा किलो इंधन खातं. दिल्लीत जुलै २०२३ मध्ये २.१ किलोमीटरचा पूर्वेकडचा आडवा टॅक्सीवे सुरू झाला, त्यामुळे तिसऱ्या धावपट्टीवरून टर्मिनल १ कडे जायचं अंतर ९ किलोमीटरवरून २ वर आलं. सात किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटं आणि दीडेकशे किलो इंधन, दर खेपेला. त्या काँक्रीटच्या पुलावरून कुणी हिरवी पाटी लावत नाही, पण नियोजन म्हणतात ते हेच. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र वापर होत नाही. तिथं हवेत घिरट्या घालण्यात जे इंधन जातं त्यावर छतावरच्या पॅनलांचा इलाज चालत नाही.

पाणी: प्रमाणपत्राचा विषयच नाही

ही सेवा कार्बनची आहे, पाण्याबद्दल ती काही विचारत नाही. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. हवेवर थंड होणाऱ्या चिलरपेक्षा पाण्यावर थंड होणारा चिलर वीज कमी खातो, म्हणून कार्बनच्या हिशेबात तोच जिंकतो. पण कूलिंग टॉवरमध्ये चिलरच्या क्षमतेच्या दर टनामागे तासाला सुमारे सहा लिटर पाण्याची वाफ होते. वर ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी. दहा हजार टनांचा प्लांट पूर्ण भाराने एक तास चालला की ७५ ते ९० हजार लिटर गेले. उन्हाळ्यात ठिबकवरच्या केळीच्या एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर लागतात. म्हणजे रावेर-यावलकडच्या चार हजार झाडांचं दिवसाचं पाणी इथं तासात उडालं.

यावर उत्तर म्हणजे एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, शुद्ध केलेलं पाणी टॉवरला देणं. मोठे विमानतळ ते करतात. पण त्यातही खाचाखोचा आहेत. शुद्ध केलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जास्त असेल तर क्षार एकाग्र होण्याची मर्यादा लवकर येते. पाणी पाचपट एकाग्र होईपर्यंत चालवता आलं तर ब्लोडाउन वाफेच्या पाव हिस्सा असतो, तिप्पटीवर थांबावं लागलं तर अर्धा. फॉस्फेट शिल्लक राहिलं की नळ्यांवर खपली धरते, चिलरची वीज वाढते आणि पाण्यासोबत कार्बनचाही हिशेब बिघडतो. म्हणून एसटीपीनंतर अल्ट्राफिल्ट्रेशन आणि सॉफ्टनर हवाच, क्लोरीनचा डोस रोज नोंदवलेला हवा, आणि टॉवरला येणाऱ्या व सोडलेल्या पाण्यावर वेगवेगळे मीटर हवेत. एकच मीटर बसवून ‘पुनर्वापर इतके टक्के’ सांगणारा अहवाल बाजूला ठेवावा.

पुराचंही तेच. कोचीला २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेरियारच्या पुराने विमानतळ दोन आठवडे बंद होता. मुंबईच्या विमानतळाखालून मिठी वाहते. नवी मुंबईचा विमानतळ डोंगर कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून उभा राहिलाय. तिथं ४७ मेगावॅट सौरऊर्जा आणि हरित इंधनासाठी (विमानाच्या कमी कार्बनच्या इंधनासाठी) वेगळ्या टाक्या योजल्या आहेत, त्या स्वागतार्ह आहेत. पण अशा जागेचा टिकाऊपणा मोठ्या भरतीच्या वेळी चार तास मुसळधार पाऊस झाला तर पाणी कुठं जाणार, या प्रश्नावर ठरतो. गोंगाट, अग्निशमन फोममधली रसायनं, पक्ष्यांचे अधिवास यांबद्दलही प्रमाणपत्र गप्प आहे.

हरित इंधनाबद्दल थोडक्यात: मानकांप्रमाणे ते साध्या इंधनात ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताचं लक्ष्य २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के आहे. विमानतळाचं काम टाक्या आणि पाइपलाइन देण्यापुरतं, बाकी खेळ किमतीचा.

प्रवाशाच्या हातात

तिसऱ्या पायरीपासून तुमचं विमानतळापर्यंत येणंही हिशेबात धरलं जातं. खान्देशातून रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मुंबईत मोठा फरक पडलाय तो मेट्रो ३ मुळे. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण मार्गावर धावते आणि टी-१, टी-२ दोन्हींना भुयारी स्टेशनं आहेत. सीएसएमटीला उतरलात तर तिथूनच मेट्रो मिळते. दादरला उतरलात तर पश्चिमेला बाहेर यावं लागतं, दोन मोठ्या बॅगा असतील तर पुलावर दम लागेल. पहाटेचं उड्डाण असेल तर मेट्रोची वेळ जुळत नाही आणि टॅक्सी पुन्हा गळ्यात पडते.

घ्यावी का ही सेवा?

मोठ्या विमानतळाने घ्यावी, पण तिसऱ्या पायरीच्या खाली थांबू नये. ‘३+’ वर रेंगाळणाऱ्यांपेक्षा क्रेडिट न घेता चौथीकडे जाणाऱ्यांना आम्ही वरचे गुण देऊ.

हे काम करायला घेणाऱ्यांनी सुरुवात हद्दीच्या नकाशापासून करावी: कुठली इमारत चालकाची, कुठली भाडेकरूची. मग प्रत्येक वीजमीटरचा क्रमांक त्या नकाशावर. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो, कारण जुन्या टर्मिनलमध्ये दुकानांचे उपमीटर नसतात आणि क्षेत्रफळावर वीज वाटलेली असते. पडताळणीत पहिला आक्षेप यावरच येतो. डिझेल खरेदीच्या बिलावरून धरू नका, वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा साठा वजा-अधिक करून वापर काढा. एका लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एसीत भरलेल्या गॅसची नोंद किलोमध्ये ठेवा. खालच्या पायऱ्यांवर कार्बन डायऑक्साइडपुरतं भागतं, पण चौथीपासून बाकीचे वायूही लागतात, आणि आर-१३४ए चा एक किलो म्हणजे जवळजवळ १,४०० किलो कार्बन डायऑक्साइड. शंभर किलो गळती झाली की वर्षभराची एलईडीची बचत पुसली जाते. एसीवाल्याच्या बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’ असं लिहिलेलं असेल तर पडताळणीकार ते परत पाठवेल.

जळगावसारख्या छोट्या विमानतळाला मात्र वरच्या पायऱ्यांच्या मागे धावायचं कारण नाही. पहिली-दुसरी पायरी पुरे, किंबहुना प्रमाणपत्राविना तेवढा हिशेब ठेवला तरी चालेल. इथं येणाऱ्या एटीआर ७२ विमानाला एपीयू नसतंच. जमिनीवर थांबताना ते उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने रोखून इंजिन चालू ठेवतं, त्याला हॉटेल मोड म्हणतात. २८ व्होल्टचं ग्राउंड पॉवर युनिट जोडलं तर दिवे आणि उपकरणं चालतात, पण थंड हवा मिळत नाही. मे महिन्याच्या जळगावात प्रवासी आत बसलेले असताना इंजिन बंद ठेवायचं तर हवेची गाडी वेगळी लागते. म्हणून छतावर पुढचे पॅनल लावण्याआधी एक बॅटरीवरचं पॉवर युनिट आणि एक विजेवरची एसी गाडी घ्यावी, आणि दोन्हींवर तास मोजणारा मीटर पहिल्या दिवसापासून बसवावा.